आवड आणि तुलना : भिलाईतील मराठी भाषकासाठी फ्रेंचचा पहिला पाठ

१. प्रास्ताविक

परकी भाषा शिकू लागलेला माणूस स्वतःचे नाव-गाव सांगून झाले की दोन गोष्टी बोलू पाहतो : आपल्याला काय आवडते, आणि एक वस्तू दुसरीहून कशी वेगळी आहे. आवड आणि तुलना या व्यवहाराच्या अगदी प्राथमिक गरजा होत. परंतु व्याकरणाच्या दृष्टीने पाहता हीच दोन स्थळे अशी आहेत की, जिथे भाषा-भाषांमधील रचनाभेद प्रथम आणि ठळकपणे जाणवतो. प्रस्तुत लेखात फ्रेंच भाषेतील या दोन रचनांचा परिचय मराठी भाषकाच्या बाजूने करून द्यावयाचा आहे. उद्देश दुहेरी आहे. नवशिक्याला उपयोगी पडेल असा पाठ मांडणे हा एक, आणि परकी भाषा शिकताना मातृभाषेला वर्गाबाहेर ठेवण्याची जी रीत पडून गेली आहे तिचा फेरविचार करणे हा दुसरा.

या विचारासाठी भिलाई हे गाव निवडण्यास कारण आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पोलादाबरोबर येथे माणसे आली आणि माणसांबरोबर भाषा आल्या. छत्तीसगढीच्या मुलखात हिंदी, मराठी, तेलुगू, बंगाली, मल्याळम, पंजाबी बोलणारी कुटुंबे शेजारी शेजारी राहू लागली. आणि परदेशी भाषा म्हणून या नगरीने प्रथम जी ऐकली ती इंग्रजीखेरीज रशियन होती. मराठी माणूस मात्र या प्रदेशाला त्यापूर्वीही नवखा नव्हता. नागपूरकर भोसल्यांच्या अंमलामुळे अठराव्या शतकापासूनच मराठी येथे पोहोचली होती. १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढणारे माधवराव सप्रे आणि १९५८ पासून राजनांदगावच्या महाविद्यालयात अध्यापन करणारे गजानन माधव मुक्तिबोध, दोघेही घरी मराठी आणि लेखणीत हिंदी अशा दुहेरी भाषाजीवनाचे मानकरी होत.

भिलाईच्या मराठी घरातील मूल आज सामान्यतः अशाच स्थितीत आहे. शाळा हिंदी किंवा इंग्रजी, अंगणात छत्तीसगढी, घरात मराठी. असे मूल फ्रेंच शिकू लागते तेव्हा त्याच्या हाती येणारे पुस्तक बहुधा इंग्रजीच्या आधाराने समजावणारे असते. ज्या भाषेत त्याने पहिल्याने ‘मला आवडते’ म्हटले, तिचा त्या पुस्तकात उल्लेखही नसतो. यात नुकसान कोणाचे होते, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२. लिप्यंतराविषयी थोडेसे

येथे फ्रेंच वाक्ये देवनागरीत दिली आहेत. ‘झ़’ या चिन्हाने जो ध्वनी सुचविला आहे तो मराठी ‘झाड’ किंवा ‘झेंडा’ यांतील नव्हे. ‘श’ उच्चारताना कंठात घोष मिसळला असता जो ध्वनी निघेल तो होय. शब्दातील अनुस्वार हा नासिक्य स्वराचा आहे. पुढे व्यंजन असले तरी ‘न्’ किंवा ‘म्’ उच्चारू नये. ‘म्युज़ीक’, ‘द्यु’, ‘प्ल्यु’ यांतील ‘यु’ म्हणजे ओठ ‘उ’साठी गोल करून ‘ई’ म्हणण्याचा प्रयत्न. ‘र’ हा जिभेच्या टोकाचा नसून घशातला आहे. अर्थात लिपी ही केवळ काठी आहे. उच्चार कानानेच शिकावयाचा.

३. आवडीचा कर्ता कोण ?

‘मला भात आवडतो’ हे मराठी वाक्य घेऊ. ज्याला आवड आहे तो ‘मला’ असा चतुर्थीत उभा आहे. क्रियापदाचा मेळ मात्र भाताशी आहे. ‘मला भाकरी आवडते’, ‘मला पोहे आवडतात’ असे म्हणताच क्रियापद बदलते, ‘मला’ तसाच राहतो. परंपरागत व्याकरणानुसार येथे भात हाच कर्ता होय. ही रचना मराठीची लहर नव्हे. रुचणे या अर्थाच्या धातूंच्या योगाने, ज्याला रुचते त्यास संप्रदान म्हणावे, असे पाणिनीने अष्टाध्यायीत (१.४.३३) सांगूनच ठेवले आहे. हिंदीतील ‘मुझे’ आणि छत्तीसगढीतील ‘मोला’ याच वाटेचे. ‘मोला भात बने लागथे’ म्हणणाऱ्या छत्तीसगढी शेजाऱ्याचा ‘ला’ तर मराठी कानाला घरचाच वाटतो.

फ्रेंचमध्ये हेच वाक्य असे होते :

झ़ेम ल री. (मला भात आवडतो.)

येथे ‘झ़’ म्हणजे ‘मी’. तो प्रथमेत आहे आणि क्रियापद त्याच्याशी जुळते. ‘एमे’ हा धातू. मी झ़ेम, तू त्यु एम, तो ईल एम, आम्ही नु ज़ेमों, तुम्ही वु ज़ेमे, ते ईल ज़ेम. भात कर्म झाला. तेव्हा ‘मला’ या शब्दाचे भाषांतर करू पाहणारा विद्यार्थी पहिल्याच पावलाला अडखळतो. त्याला सांगावयाचे ते इतकेच : या धातूपुरते मराठी वाक्य आधी मनात उलटे करावे, ‘मी भात प्रेमितो’ असे काहीसे विचित्र, आणि मग फ्रेंच बोलावे.

परंतु एवढ्यावर थांबून ‘फ्रेंच ही कर्त्याची भाषा, मराठी ही अनुभवाची भाषा’ असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. फ्रेंचमध्ये ‘प्लेर’ असा दुसरा धातू आहे :

ल लीव्र म प्ले. (पुस्तक मला आवडते.)
ले लीव्र म प्लेज़. (पुस्तके मला आवडतात.)

येथे ‘म’ हा ‘मला’च आहे आणि क्रियापद पुस्तकाच्या वचनाप्रमाणे चालते. मराठी रचना जशीच्या तशी. लॅटिनमधील ‘मिही प्लाकेत’ या चतुर्थीच्या प्रयोगाचा हा वारसा. इटालियन ‘मी प्याचे’ आणि स्पॅनिश ‘मे गुस्ता’ हेही त्याच वळणाचे. याउलट पोर्तुगीजमध्ये ‘गोश्तु द’ म्हणताना ‘मी’ प्रथमेत असतो, आणि त्याच गोव्यात कोंकणी माणूस ‘म्हाका आवडटा’ म्हणतो. म्हणजे एका कुळातील भाषाही या बाबतीत एकमताने वागत नाहीत.

भिलाईला जिचा सहवास घडला त्या रशियनची साक्ष अधिकच बोलकी आहे. ‘म्न्ये न्रावित्सा’ म्हणजे अक्षरशः ‘मला आवडते’; आणि ‘या ल्युब्ल्यू’ म्हणजे ‘मी प्रेम करतो’. दोन्ही रचना शेजारी शेजारी नांदतात. मराठीही याला अपवाद नाही. ‘मला ती आवडते’ यापुढे जाऊन ‘मी तिच्यावर प्रेम करतो’ म्हटले की ‘मी’ प्रथमेत येतो. ‘मी चहा पसंत करतो’ म्हणतानाही तसेच. तेव्हा खरा भेद असा : बहुतेक भाषांच्या घराला ही दोन्ही दारे असतात; कोणते दार पुढचे आणि कोणते मागचे, एवढेच वेगळे. मराठीचे पुढचे दार ‘मला’ हे आहे, फ्रेंचचे ‘झ़’ हे.

याच मागच्या दाराने फ्रेंचचा एक अवघड समजला जाणारा प्रयोग मराठी माणसाला सोपा होतो. ‘त्यु म मांक’ म्हणजे ‘मला तुझी उणीव भासते’. इंग्रजीच्या आधाराने शिकणारा येथे ‘मी’ आणि ‘तू’ यांची हमखास अदलाबदल करतो, कारण इंग्रजीत उणीव भासणारा कर्ता असतो. मराठीत तो ‘मला’ असतो, फ्रेंचमध्ये ‘म’. ज्याच्या घरी ‘मला तुझी आठवण येते’ असे म्हणतात, त्याने हे वाक्य इंग्रजीच्या वळशाने शिकावे, हे अनाकलनीय आहे.

आणखी एक बारकावा. कोणी ‘झ़ेम ल ते’ (मला चहा आवडतो) म्हटले तर ‘मलाही’ या अर्थी ‘म्वा ओसी’ म्हणावयाचे. पण कोणी ‘सा म प्ले’ (हे मला आवडते) म्हटले, तर उत्तर ‘आ म्वा ओसी’. हा ‘आ’ म्हणजेच आपला ‘ला’. पहिल्या उत्तरात ‘मीही’, दुसऱ्यात ‘मलाही’. मराठी कानाला हा भेद शिकवावा लागत नाही. फक्त दाखवावा लागतो.

४. उपपदाची अडचण

मराठीत उपपदे नाहीत. फ्रेंचमध्ये त्यांच्यावाचून पान हलत नाही. आवडीच्या वाक्यात सबंध जातीविषयी बोलणे असते, म्हणून तेथे निश्चित उपपद येते : पुंल्लिंगी ‘ल’, स्त्रीलिंगी ‘ला’, अनेकवचनी ‘ले’.

झ़ेम ला म्युज़ीक. (मला संगीत आवडते.)
झ़ेम ले मांग. (मला आंबा आवडतो.)

दुसरे वाक्य लक्षपूर्वक पाहावे. मराठीत ‘आंबा’ एकवचनी राहूनही जातिवाचक होतो. फ्रेंच मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी येथे अनेकवचन वापरते.

पण आवडणे वेगळे आणि खाणे वेगळे. भात खाताना जगातला सगळा भात कोणी खात नाही; काही अंश खातो. म्हणून तेथे अंशवाचक उपपद :

झ़ेम ल री. (मला भात आवडतो.)
झ़ मांझ़ द्यु री. (मी भात खातो.)

नकारात हा भेद अधिक स्पष्ट होतो :

झ़ नेम पा ल काफे. (मला कॉफी आवडत नाही.)
झ़ न ब्वा पा द काफे. (मी कॉफी पीत नाही.)

आवडीच्या नकारात ‘ल’ टिकतो. पिण्याच्या नकारात केवळ ‘द’ उरतो. येथे इंग्रजी मदत करीत नाही, उलट फसवते; कारण इंग्रजीतही भात आवडतो म्हणताना उपपद गळते, आणि इंग्रजीवरून आलेला विद्यार्थी ‘झ़ेम री’ असे अपुरे वाक्य लिहितो. मराठी येथे साह्य करीत नाही हे खरे, पण निदान खोटा भरवसाही देत नाही.

क्रिया आवडत असेल तर फ्रेंच सोपी होते : झ़ेम लीर, ‘मला वाचायला आवडते’. मूळ धातुरूप नुसते पुढे ठेवावयाचे. ‘-आयला’सारखा प्रत्यय नको.

५. आवडीच्या छटा

‘आवडणे’ आणि ‘प्रेम करणे’ यांसाठी फ्रेंचला ‘एमे’ हा एकच धातू पुरतो. त्यामुळे एक गमतीचा आणि क्वचित अडचणीचा प्रसंग उद्भवतो. वस्तूविषयी ‘झ़ेम बोकू’ म्हणजे ‘मला खूप आवडते’, आवड वाढली. पण व्यक्तीविषयी नुसते ‘एमे’ वापरले तर ते प्रेमच. तेथे ‘ब्यें’ हा ‘चांगले’ या अर्थाचा शब्द जोडला की भावना वाढत नाही, उतरते. ‘झ़ तेम’ म्हणजे ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’; ‘झ़ तेम ब्यें’ म्हणजे ‘तू मला आवडतोस, बरा वाटतोस’. विशेषणाने अर्थ बळावतो असे मानणाऱ्या मराठी भाषकाने येथे सावध राहिले पाहिजे.

आवडीची उतरंड ढोबळमानाने अशी : आदोरे (अतिशय आवडणे), एमे बोकू (खूप आवडणे), एमे ब्यें (बऱ्यापैकी आवडणे), न पा एमे (न आवडणे), देतेस्ते (तिटकारा असणे). ‘आदोरे’चा मूळ अर्थ पूजणे, भजणे; पण आज फ्रेंच माणूस आंब्याच्या फोडीविषयीही तो सहज वापरतो.

६. तुलना : पेक्षा, हून आणि क

‘रामपेक्षा रमा उंच आहे.’ या मराठी वाक्यात विशेषणाला काहीही होत नाही. ‘तर’ हा संस्कृत प्रत्यय ‘उच्चतर’, ‘गुरुतर’ अशा तत्सम शब्दांत उरला आहे, बोलीत नाही. तुलनेचा भार मानदंडावर, म्हणजे ‘राम’ या शब्दावर पडतो. ‘पेक्षा’ हा शब्द ‘अपेक्षा’ या संस्कृत शब्दापासून आला. ‘हून’ हा तर सरळ पंचमीचा प्रत्यय. तुलनेत पंचमी योजण्याची सोय पाणिनीने (२.३.४२) नमूद केलेली आहे. हिंदीचा ‘से’ आणि छत्तीसगढीचा ‘ले’ हेही ‘पासून’ या अर्थाचेच. रशियनसुद्धा मानदंडाला विभक्ती लावते : ‘वोल्गा द्लिन्नेये दोना’, म्हणजे ‘डॉनहून व्होल्गा लांब’, ‘दोना’ हे ‘दोन’चे षष्ठीचे रूप.

फ्रेंचची रीत वेगळी. तेथे विशेषणापूर्वी ‘प्ल्यु’ (अधिक), ‘म्वें’ (कमी) किंवा ‘ओसी’ (तितकाच) ठेवावयाचा आणि नंतर ‘क’ म्हणून मानदंड सांगावयाचा :

रमा ए प्ल्यु ग्रांद क राम. (रमा रामापेक्षा उंच आहे.)
राम ए म्वें ग्रां क रमा. (राम रमापेक्षा कमी उंच आहे.)
राम ए ओसी ग्रां क श्याम. (राम श्यामइतकाच उंच आहे.)

तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, क्रम. मराठीत मानदंड विशेषणाच्या आधी येतो, फ्रेंचमध्ये शेवटी. दुसरी, ‘प्ल्यु’ गाळता येत नाही. ‘रामपेक्षा उंच’ यात ‘अधिक’ नसला तरी मराठीला चालते, फ्रेंचला नाही. तिसरी, लिंगवचनाचा मेळ. ‘ग्रां’चे स्त्रीलिंग ‘ग्रांद’ होते. ‘उंच’ हे विशेषण अविकारी असल्याने मराठी विद्यार्थी येथे गाफील राहतो. त्याला ‘मोठा-मोठी’ची आठवण करून दिली की पुरे. इंग्रजीच्या आधारे शिकणाऱ्याला मात्र विशेषण बदलते ही कल्पनाच मुळापासून रुजवावी लागते.

नामांच्या प्रमाणाची तुलना करताना ‘द’ येतो : झ़े प्ल्यु द लीव्र क त्वा, ‘माझ्याजवळ तुझ्यापेक्षा अधिक पुस्तके आहेत’. समानता असेल तर ‘ओतां द’. आवडीची तुलना दोन प्रकारे होते :

झ़ेम म्यो ल ते क ल काफे.
झ़ प्रेफेर ल ते ओ काफे.

दोहोंचा अर्थ ‘मला कॉफीपेक्षा चहा अधिक आवडतो’ हाच. पण ‘प्रेफेरे’ या धातूबरोबर ‘क’ चालत नाही, ‘आ’ लागतो, आणि ‘आ’ व ‘ल’ मिळून ‘ओ’ होतो. दोन्ही सारखेच आवडत असतील तर : झ़ेम ल ते ओतां क ल काफे, ‘मला चहा कॉफीइतकाच आवडतो’.

पंचमीची जुनी खूण फ्रेंचमध्ये अगदीच पुसली गेलेली नाही. संख्येशी तुलना असली की ‘क’ऐवजी ‘द’ येतो : प्ल्यु द दीस, ‘दहाहून अधिक’. हा ‘द’ मुळात ‘पासून’ या अर्थाचा. म्हणजे येथे फ्रेंच आपल्या ‘हून’च्या ओळीत येऊन बसते.

अतिशयता दाखविताना ‘ल प्ल्यु’ : ल प्ल्यु ग्रां द ला क्लास, ‘वर्गात सर्वांत उंच’. मराठी सप्तमी वापरते म्हणून विद्यार्थी येथे ‘दां’ (आत) योजू पाहतो; ते चुकीचे. फ्रेंचमध्ये तो ‘वर्गाचा’ सर्वांत उंच असतो.

७. दोन अनियमित रूपे आणि एक धोका

‘बों’ (चांगला) याचे ‘प्ल्यु बों’ होत नाही, ‘मेयर’ होते. ‘ब्यें’ (चांगले, क्रियाविशेषण) याचे ‘म्यो’. ल ते ए मेयर क ल काफे, ‘चहा कॉफीपेक्षा चांगला’. रमा शांत म्यो क राम, ‘रमा रामापेक्षा चांगले गाते’. हे दुसरे वाक्य मराठी कानाला चमत्कारिक वाटेल; पण फ्रेंचमध्ये ‘शांत’ म्हणजे गाते ! ‘मेयर’ व ‘म्यो’ यांची गल्लत टाळण्याची किल्ली मराठीतच आहे. ‘ती चांगली गायिका आहे’ यात ‘चांगली’ लिंगाप्रमाणे बदलते, तेथे मेयर. ‘ती चांगले गाते’, ‘तो चांगले गातो’ यांत ‘चांगले’ स्थिर राहते, तेथे म्यो.

धोका आहे तो ‘प्ल्यु’चा. ‘झ़ नेम प्ल्यु ल काफे’ म्हणजे ‘मला कॉफी अधिक आवडते’ नव्हे. ‘मला आता कॉफी आवडत नाही’. नकारातील ‘प्ल्यु’ हा ‘यापुढे नाही’ या अर्थाचा. आणि बोलण्यात नकाराचा ‘न’ अनेकदा गळतो. मग अंत्य ‘स्’ उच्चारला तर ‘अधिक’, न उच्चारला तर ‘आता नाही’, इतक्या सूक्ष्म फरकावर वाक्याचा अर्थ उलटतो. येथे मात्र मातृभाषा काही करू शकत नाही. कानाचा अभ्यास हवा.

८. भाषांतराच्या दृष्टीने

हा विषय केवळ प्राथमिक वर्गापुरता नाही. मराठीचा ऐतिहासिक अभ्यास ज्यांनी पायाशुद्ध केला ते झ्यूल ब्लॉक फ्रेंचमध्ये लिहीत होते, आणि त्यांचा ग्रंथ वासुदेव गोपाळ परांजपे यांनी मराठीत आणला. तुकारामांचे अभंग फ्रेंचमध्ये नेणाऱ्या गी दलरी यांचे पुस्तक १९५६ साली प्रसिद्ध झाले. संतवाङ्मयात ‘आवडी’ हा शब्द पदोपदी भेटतो, आणि तो बहुधा ‘मज’, ‘तुज’ यांच्या संगतीने येतो. भक्ताची आवड ही त्याने केलेली कृती, की त्याच्यापाशी आलेला अनुभव ? मराठी व्याकरण हा प्रश्न अनिर्णित ठेवू शकते. फ्रेंच भाषांतरकाराला मात्र ‘झ़’ म्हणावे की ‘म’, हे दर ओळीला ठरवावे लागते. ‘एमे’ घेतले तर प्रेमाची उत्कटता येते, पण भक्त कर्ता होतो. ‘प्लेर’ घेतले तर रचना जुळते, पण भावना औपचारिक आणि फिकी होते. पहिल्या पाठातील अडचण शेवटच्या पाठापर्यंत सोबत येते, ती अशी.

९. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, आवड आणि तुलना या दोन स्थळी मराठी ही फ्रेंचच्या वाटेवरील धोंड नव्हे. कर्त्याच्या बाबतीत ‘एमे’पुरती ती अडते, पण ‘प्लेर’, ‘मांके’, ‘आ म्वा ओसी’, विशेषणांचा मेळ, ‘मेयर’ व ‘म्यो’ यांतील भेद, संख्येपूर्वीचा ‘द’, इतक्या ठिकाणी ती इंग्रजीहून जवळची वाटाडी ठरते. उपपदे आणि उच्चार यांत तिची मदत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

भिलाईसारख्या गावी तीन-चार भाषा बोलणारे मूल हे भाषाशिक्षणाच्या दृष्टीने श्रीमंत मूल आहे. त्याला नवी भाषा शिकविताना त्याची घरची भाषा दाराबाहेर काढून ठेवावयास लावणे म्हणजे भांडवल असून कर्ज काढण्यासारखे आहे. आणि त्यात तोटा केवळ फ्रेंचचा नाही. जी भाषा शाळेत कोठेच उपयोगी पडत नाही, ती मुलाच्या लेखी हळूहळू आजीची भाषा होऊन बसते. फ्रेंचच्या पुस्तकात एकदा जरी तिचा दाखला आला, तरी ‘मला’ या शब्दात किती व्याकरण साठले आहे हे त्याला कळेल, आणि ती भाषा आपली आहे याचे त्याला अगत्य वाटेल.

अभ्यासासाठी पुढील वाक्ये फ्रेंचमध्ये करून पाहावीत. प्रत्येकाच्या वेळी ‘मला’चे काय झाले, याची नोंद ठेवावी.

(१) मला चहा आवडतो. कॉफी आवडत नाही.
(२) मी भात खातो, पण मला पोळी अधिक आवडते.
(३) हे पुस्तक मला आवडते. — मलाही.
(४) रमा वर्गात सर्वांत उंच आहे.
(५) माझ्याजवळ दहाहून अधिक पुस्तके आहेत.
(६) मला तुझी उणीव भासते.